चोवीस डिग्रीचे पाणी

"मॅट्रिकच्या वर्षी कोपरीहून येणारा माझा एक वर्गबंधू मिठागरात वाढलेला होता. शास्त्र या विषयाचा त्याला गंध नव्हता, आणि असणार तरी कुठून? 'मीठ कसे तयार होते' या प्रश्नाला त्याने 'मीठ पिकते' असे उत्तर लिहिले, तेव्हा सारा वर्ग हसला. पूर्वपरीक्षेत तो शास्त्रात नापास झाला आणि त्याचा फॉर्म अडला. मग मी त्याला डोंबिवलीला आमच्या घरी बोलावून दहा दिवस शास्त्राची पहिल्यापासून उजळणी करून दिली, आणि तो सुटला."

हा मजकूर आमच्या शाळेच्या ताज्या स्मरणिकेतला आहे. लेखक निवृत्त अभियंता असून माझा जुना मित्र आहे. स्मरणिकेची प्रत त्याने स्वतः माझ्या घरी आणली, त्या पानात खूण घालून दिली, आणि चष्मा सापडत नाही असे मी म्हणताच लेख मोठ्याने वाचूनही दाखवला. वाचन संपल्यावर मी म्हणालो, "यात चार चुका आहेत."

"चारच ना? मग बाकीचं खरं आहे."

"बाकीचे म्हणजे पूर्णविराम."

"मग तू लिही तुझं," तो म्हणाला. "शुद्धलेखन मी तपासून देईन."

त्याच्या या उदार आश्वासनावर विसंबून मी लिहावयास बसलो आहे. प्रथम हे स्पष्ट करतो, की शास्त्राचा मला गंध नव्हता हे वाक्य मी पोटात घातले असते. या वयात माणसाने मित्राला एवढी सवलत द्यावी. माझा आक्षेप पुढच्या तीन शब्दांना आहे: असणार तरी कुठून. त्या तीन शब्दांत माझे वडील येतात आणि ज्या बांधांवर त्यांचा जन्म गेला ते ठाण्याच्या खाडीकाठचे मिठागर येते. मला शास्त्र कोठून मिळाले, डोंबिवलीच्या घरातून की कोपरीच्या बांधावरून, एवढाच वाद आहे. डोंबिवलीची बाजू छापून आली आहे. कोपरीची बाजू मांडणारे वडील आता नाहीत, म्हणून ती मला मांडली पाहिजे.

आता चुका. "मीठ पिकते" असे मी कधीही, कोणत्याही पेपरात लिहिलेले नाही. घरी आम्ही तसेच म्हणत असू. पावसाळ्यात भात पिकते आणि उन्हाळ्यात मीठ पिकते, असाच आमच्याकडचा शब्द आहे आणि त्यात हसण्यासारखे मला आजही काही दिसत नाही. परंतु घरचा शब्द कोणता आणि पेपरातला कोणता, हे मला इंग्रजी पहिलीपासून ठाऊक होते. ज्यांना घरी आणि शाळेत एकच भाषा पुरते त्यांना हा भेद शिकावा लागत नाही, आणि म्हणून त्यांना वाटते की तो दुसऱ्यालाही कळत नसावा.

शिवाय तो प्रश्न पेपरात नव्हताच. माझी चूक जर सांगायचीच असेल तर ती मी सांगतो, कारण ती याहून पुष्कळ मोठी होती, आणि माझ्या गोष्टी इतरांनी लहान करून सांगाव्यात हे मला खपत नाही.

प्रश्न असा होता: "डिग्री म्हणजे काय ते सांगून उष्णता व उष्णतामान यांतील फरक स्पष्ट करा." पुस्तकात शब्द "अंश" होता, पण आमचे शास्त्राचे शिक्षक बोलताना आणि पेपर काढताना "डिग्री" म्हणत. तो शब्द वाचून मला आनंद झाला. पुस्तकातल्या पुष्कळ शब्दांशी माझी ओळख नव्हती, पण हा तर आमच्या घरातला होता. वडील रोज संध्याकाळी जेवताना आईला सांगत, आज मधल्या वाफ्याचं पाणी अठरा डिगरीला आलं, आज वीसला. मी लिहिले: "डिग्री म्हणजे पाण्यात मीठ किती मुरले आहे त्याचे माप. खाडीतून आलेले पाणी तीन डिग्रीचे असते. पंचविसाच्या सुमारास मीठ पडू लागते. उष्णतेने डिग्री वाढते." शिक्षकांनी त्यावर तांबड्या शाईने मोठे शून्य काढले आणि शून्याच्या पोटात प्रश्नचिन्ह काढले. मी लिहिलेल्या चार वाक्यांत एकही खोटे नव्हते. ती फक्त विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे नव्हती.

पूर्वपरीक्षेत एखाद्या विषयात नापास झालेल्या मुलाचा शालान्त परीक्षेचा फॉर्म त्या काळी शाळा पाठवत नसे. फॉर्म अडला म्हणजे वर्ष गेले. श्रीमंताघरी वर्ष परत आणता येई, आमच्याकडे नाही. मी घरी जाऊन सांगितले तेव्हा वडील रागावले नाहीत. ते म्हणाले, "फारम गेला तर लिव. नाय गेला तर फली धर." फळी म्हणजे वाफ्यातले मीठ ओढायची लांब दांड्याची लाकडी फळी. ती माझ्या उंचीहून मोठी होती आणि एकदा हातात आली की सुटत नाही, हे मी माझ्या दोन चुलत भावांच्या उदाहरणावरून पाहिले होते.

स्मरणिकेत एकच फॉर्म अडला आहे. प्रत्यक्षात शास्त्रासाठी दोन अडले होते, आणि दुसरा कोणाचा होता हे चाणाक्ष वाचकाने ओळखले असेलच. आमच्या अभियंत्याचे दुखणे माझ्या उलट होते. त्याला पुस्तक पाठ होते, अगदी स्वल्पविरामांसह; त्या काळची पुस्तके उष्णतामान फॅरनहाइटमध्ये देत. पेपरात विचारले होते, ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी कोठे जाते? त्याने लिहिले, "पाणी २१२ अंशांवर उकळते व त्याची वाफ होते." पेपर परत देताना शिक्षकांनी त्याला उभे केले आणि अत्यंत आस्थेने विचारले, "तुमच्या घरी धोतर दोरीवर उकळतं का रे?" वर्ग हसला तो या वेळी. हशा खरा होता, फक्त त्याचा मालक स्मरणिकेत बदलला आहे.

तास संपल्यावर शिक्षकांनी आम्हा दोघांना बोलावले आणि दहा दिवसांनी तोंडी परीक्षा घेऊन फॉर्मचे ठरवू असे सांगितले. "एकाला घरचं येतं, पुस्तकातलं येत नाही. दुसऱ्याला पुस्तकातलं येतं, घरचं येत नाही," ते म्हणाले. "दोघं मिळून एक विद्यार्थी होतो का बघा."

मित्राचे कुटुंब त्याच वर्षी दिवाळीनंतर ठाण्याहून डोंबिवलीला राहावयास गेले होते आणि तो मॅट्रिकपुरता आमच्याच शाळेत राहिला होता. त्याचे वडील सरकारी कचेरीत होते, शिस्तीचे होते, आणि मुलाचा फॉर्म अडला आहे हे त्यांना माहीत नव्हते. ते त्यांना कळू द्यायचे नाही, असा मित्राचा निश्चय होता. घरी त्याने सांगितले की शाळेत जादा तास असतात. त्यामुळे शाळा सुटली की तो माझ्याबरोबर रूळ ओलांडून कोपरीला येई, आणि दिवेलागणीच्या सुमारास गाडी पकडून घरी जाई. हे त्याने लेखात लिहिलेले नाही. त्याचे वडील वारून बराच काळ लोटला आहे, तेव्हा भीतीचे कारण उरलेले नाही, पण सवय जात नसावी.

पहिल्या दिवशी त्याने आमच्या अंगणात बसून मला पुस्तकाचे पहिले प्रकरण म्हणून दाखवले. "म्हणून दाखवले" हेच क्रियापद योग्य आहे. आई सुकी मासळी निवडत होती. तिने मला आत बोलावून विचारले, "त्या पोराला काय व्रत हाय का रं?" तेव्हा दुसऱ्या दिवशी मी त्याला बांधावर नेले.

फेब्रुवारी होता. पावसाळ्याचे पाणी जाऊन वाफे तयार झाले होते, खाडीचे पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सोडत न्यायचे काम चालू होते. प्रत्येक वाफ्यात ते थोडे आटते, थोडे अधिक खारट होते, आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरते. वडील शेवटच्या बांधावर उभे होते. मुकादमाकडे डिग्री बघायची काचेची नळी असे, ती पाण्यात तरंगे आणि तिच्यावरचे आकडे वाचायचे असत. वडिलांना आकडे वाचता येत नव्हते आणि नळीची गरजही नव्हती. ते पाणी मनगटावर घेत, उन्हात वाळू देत, आणि आकडा सांगत. मुकादम मग नळीने त्यांची खातरजमा करून घेई, किंवा खरे म्हणजे नळीची.

मित्राने विचारले, "काका, आज किती?"

"चोवीस. दोन दिसांत मीठ धरंल."

मित्र अस्वस्थ झाला. पुस्तकातले प्रकरण त्याच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसले. तो अत्यंत आदराने म्हणाला, "काका, चोवीस डिग्री असणं शक्य नाही. बत्तीस डिग्रीलाच पाण्याचा बर्फ होतो."

वडिलांनी वाफ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. "आस्सं? मंग चाल बघू त्याच्यावरनं, मास्तर."

माझा मित्र तत्त्वाचा माणूस आहे. त्याने चपला काढल्या, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय टाकला. दुपारभर तापलेले ते पाणी चांगले कोमट होते. शिवाय त्याच्या टाचेला चपलेने फोड आला होता, आणि चोवीस डिग्रीच्या पाण्याने त्या फोडाची जी काय विचारपूस केली असेल ती केली. तो बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला.

"गरम आहे," तो म्हणाला.

"बर्फ म्हनं," वडील म्हणाले, आणि मधल्या वाफ्याचा बांध फोडायला निघून गेले.

आम्ही बांधावर बसलो. त्याने पाय चोळत प्रामाणिकपणे विचारले, "मग चोवीस कशाचे?" मी सांगितले, मिठाचे. त्याने विचारले, मग ताप एकशेदोन डिग्री असतो तो? आणि येथे मला कबूल केले पाहिजे की तोवर मी हेच समजत होतो की तापात माणसाचा घाम खारट होतो आणि डॉक्टर तोच मोजतात. काखेत नळी लावतात ती उगीच नव्हे, असे माझे तर्कशास्त्र होते. डॉक्टरांच्या नळीतला पारा उष्णतेने चढतो, त्याचा खारटपणाशी संबंध नाही, हे मित्राने मला त्या बांधावर सांगितले. एवढे मी त्याला देतो. परंतु ती एक माहिती होती, शिकवणी नव्हे. रस्त्यात कोणी वेळ सांगितली म्हणून तो आपला गुरू होत नाही.

त्यानंतरचा त्याचा प्रश्न मात्र खरा प्रश्न होता, आणि तो त्याला पुस्तकाने कधी पडू दिला नव्हता. तो म्हणाला, "पाणी वाफ्यात आहे, पण वाफ कुठे आहे? उकळत तर नाही. मग आटतं कसं?"

मी त्याला म्हणालो, "उकळायची वाट कशाला बघेल? वरच्या वरच जातं. ऊन असलं की जास्त, वारा असला की त्याहून जास्त. पसरट वाफ्यात लवकर, खोल तळ्यात उशिरा. म्हणून तर वाफे असे हातभरसुद्धा खोल नसतात." हे मी कोठे वाचले नव्हते. खाडीवरचा वारा पडला की वडिलांचा चेहरा पडे, तेव्हापासून मला ते ठाऊक होते. मित्राने पिशवीतून पुस्तक काढले, बाष्पीभवनाचे पान उघडले, आणि त्यात तीच कारणे एकाखाली एक छापलेली त्याला सापडली. त्याला ती पाठही होती. "अरे, हे इथलं आहे होय," तो म्हणाला. हे त्याचे वाक्य मी स्मरणिकेत शोधले. नाही.

पुढचे आठ दिवस आम्ही याच पद्धतीने गेलो. तो पुस्तकातले एक वाक्य म्हणे आणि आम्ही ते कोपरीत कोठे सापडते ते शोधत असू. तरफ आम्हाला विहिरीवर सापडली. घर्षण सापडले ते चिखलाच्या बांधावर, म्हणजे नसलेले सापडले, आणि त्याचे पुस्तक ओले झाले. विशिष्ट गुरुत्वाशी मात्र अडले. त्याला व्याख्या येत होती: पदार्थाचे वजन भागिले तितक्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन. मला वडिलांची डिग्री येत होती. माझे म्हणणे, या दोन्ही गोष्टी एकच असल्या पाहिजेत, कारण काचेची नळी खारट पाण्यात वर तरंगते आणि गोड्या पाण्यात खाली बसते. त्याचे म्हणणे, पुस्तकात विशिष्ट गुरुत्वाला डिग्री लावलेली नाही, सबब एक नसाव्यात.

हा निवाडा स्टेशनजवळच्या एका वाण्याच्या तराजूवर झाला. आम्ही औषधाची एक रिकामी बाटली, विहिरीच्या पाण्याचा तांब्या आणि शेजारच्या वाफ्याच्या पाण्याचा डबा घेऊन त्याच्या दुकानात उभे राहिलो. मित्राने शुद्ध भाषेत आपला हेतू सांगितला. वाण्याने तो ऐकून घेतला.

"म्हणजे पाणी तोलायचं?"

"हो."

"दोन वेळा?"

"हो. आणि एकदा रिकामी बाटली."

"आणि घ्यायचं काय?"

"काही नाही."

वाण्याने दाराबाहेर नजर टाकली. मग तो म्हणाला, "गिऱ्हाईक नाही तोवर करा. कोणी विचारलं तर सांगा गोडेतेल आहे. माझ्या दुकानात पाणी तोलतात असं गावात झालं तर मेलो मी."

बाटली वजा जाता विहिरीचे पाणी दहा तोळे भरले. मग तीच बाटली त्याच खुणेपर्यंत वाफ्याच्या पाण्याने भरली. वाण्याने दहा तोळ्यांवर एक तोळा ठेवला, पारडे हलले नाही. आणखी एक ठेवला तेव्हा काटा मध्यावर आला. बारा. वाण्याला हे मान्य होईना. त्याने स्वतः बाटली उचलून उजेडात धरली, खूण पाहिली, पुन्हा ठेवली. "बाटली तेवढीच, पाणी तेवढंच, मग दोन तोळे आले कुठून?" तो म्हणाला, आणि गिऱ्हाईक आले तरी त्याने आम्हाला घालवले नाही.

बारा भागिले दहा, एक पूर्णांक दोन दशांश. मित्राने तो आकडा पुस्तकाच्या मलपृष्ठावर लिहिला. घरी येऊन मी वडिलांना विचारले की आजचे पाणी किती डिग्रीचे होते. ते म्हणाले, चोवीसला थोडे कमी. दोन वेगळी नावे आणि दोन वेगळे आकडे असलेली ही एकच गोष्ट होती. एकाने ती तराजूने मोजली होती आणि दुसऱ्याने मनगटाने.

तोंडी परीक्षेला शिक्षकांनी मला आधी बोलावले. मित्र दाराशी उभा होता.

"डिग्री म्हणजे काय?"

"कशाची, सर?"

त्यांनी चष्मा काढला. "कशाकशाची असते?"

मी उष्णतामानाची सांगितली, डॉक्टरांच्या नळीसह. मग खाऱ्या पाण्याची सांगितली, आणि बाटलीचे बारा आणि दहा तोळेही सांगितले. माझी जुनी उत्तरपत्रिका त्यांनी कपाटातून काढली, शून्याकडे पाहिले आणि ती परत ठेवली. शून्य त्यांनी खोडले नाही. ते शिक्षक होते.

मग त्यांनी मित्राला आत घेतले. "ओल्या धोतराचं पाणी कुठं जातं?"

"हवेत, सर. उकळायची वाट बघत नाही."

"हे कुठं वाचलंस?"

"वाचलं नाही, सर. पाय घातला."

दोन्ही फॉर्म त्याच आठवड्यात गेले.

हा वृत्तान्त मी छापण्यापूर्वी मित्राला वाचायला दिला, कारण माझ्यात आणि त्याच्यात तेवढा फरक असावा. त्याने शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या, त्यांपैकी दोन मला मान्य आहेत. मग त्याने आपली बाजू मांडली. पहिला मुद्दा: "तुझे वडीलच मला मास्तर म्हणायचे. शिकवणाऱ्यालाच म्हणतात ना?" वडील आमच्या बोकडालाही मास्तर म्हणत, तोही विचार केल्यासारखा उभा राही. दुसरा मुद्दा: मिठागरावर तो एकदोनदा आला असेल, सहल म्हणून, खरी उजळणी डोंबिवलीच्या व्हरांड्यातच झाली, मी त्याच्या शेजारी चटईवर बसलो होतो, हे त्याला डोळ्यांपुढे दिसते. तो खोटे बोलत नाही. त्याने ही गोष्ट मुलांना, नातवंडांना, आणि सेवानिवृत्तीच्या समारंभात इतक्या वेळा सांगितली आहे की ती चटई आता खरोखर अंथरली गेली आहे. पण चटई कितीही जुनी झाली तरी तिच्यावर मी बसलेलो नाही.

डोंबिवलीच्या त्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो मॅट्रिकनंतर सात वर्षांनी, त्याच्या लग्नाला; व्हरांड्यात मांडव होता, आणि दारात अत्तर लावायला उभ्या असलेल्या त्याच्या आईने माझ्याकडे बघून हात जोडले आणि विचारले, "आपण मुलीकडचे ना?"